खुतब्यात आधी कुणाची नावं होती? (सुन्नी, शिया आणि साहाबा)

नगरी मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नगरला शाळेत इतिहास शिकवतो. सातवीला बहमनी राज्याची पाच शकलं शिकवताना मी निजामशाहीपाशी जरा रेंगाळतो. मुलं ज्या रस्त्यांनी शाळेत येतात तिथेच हे सगळं घडलंय.

गेल्या आठवड्यात बुऱ्हाण निजामशाहाची गोष्ट सांगितली. मुलगा अब्दुल कादर तापाने फणफणलेला, हकीम थकलेले. इराणातून आलेला शाह ताहिर म्हणाला, नवस बोला, मुलगा वाचला तर शुक्रवारच्या खुतब्यात (नमाजच्या वेळच्या प्रवचनात) शियांच्या बारा इमामांची, म्हणजे हजरत अली आणि त्यांच्या वंशजांची, नावं घेईन. रात्री पोराने पांघरूण लाथाडलं. बाप म्हणाला, राहू द्या, शेवटची रात्र असेल त्याची, गार वारा तरी लागू दे. मग बापाला डुलकी लागली, स्वप्न पडलं. जाग आली तेव्हा पांघरूण पोराच्या अंगावर आणि ताप उतरलेला. ही हकीकत इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवली आहे. १५३७ मध्ये निजामशाही शिया झाली. आमच्याकडचा बारा इमाम कोठला त्याच काळातला.

गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मग आधी खुतब्यात कुणाची नावं होती? आणि ती का काढली?"

नावं सांगता आली, पैगंबरांनंतरचे पहिले चार खलिफा: अबू बक्र, उमर, उस्मान आणि पैगंबरांचे जावई अली. 'का काढली' याला मी म्हणालो, पंथ बदलला म्हणून. ती बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही नाही. जी माणसं पैगंबरांसोबत उठली-बसली, त्यांच्याबद्दल दोन पंथांची मतं इतकी टोकाची का? भांडण घटनांवर आहे की माणसांवर? हा विषय ज्यांच्या घरातला आहे त्यांनी लिहावं अशी विनंती. पुढच्या आठवड्यात मला वर्गात उत्तर द्यायचंय.

बखरवाचक

छान विषय. विजापूरची भर घालतो. यूसुफ आदिलशाहाने १५०२ च्या सुमारास शिया खुतबा सुरू केला. १५३४ मध्ये पहिला इब्राहिम गादीवर आला आणि त्याने तो बंद केला. १५५८ मध्ये अली आदिलशाह आला आणि पुन्हा बारा इमाम. पुढे दुसऱ्या इब्राहिमच्या काळात परत सुन्नी. एकाच शहरातल्या माणसाने एका आयुष्यात दोन-तीनदा नावं बदललेली ऐकली असतील. यामागे दखनी आणि परदेशी सरदारांची चुरस होती, हेही मुलांना सांगा. नुसतं धर्मशास्त्र सांगितलं तर अर्धीच गोष्ट होईल.

निळाई

वाचतेय. एक प्राथमिक शंका: साहाबा म्हणजे नक्की कोण?

खाडीकाठ

सलाम सगळ्यांना. आम्ही कोकणी मुसलमान, सुन्नींमधले इमाम शाफईंची परंपरा मानणारे. मास्तरांचा प्रश्न मनापासून आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

निळाईताई, ज्याने पैगंबरांना ईमान (श्रद्धा) ठेवून पाहिलं आणि त्याच ईमानावर जो गेला तो साहाबी. इब्ने हजर यांनी केलेली ही व्याख्या आमच्याकडे सर्वमान्य आहे. म्हणजे वर्षानुवर्षं सोबत राहिलेलेही साहाबी आणि एकदाच भेटलेलेही साहाबी. आमचा अकीदा (धर्मश्रद्धा) असा की हे सगळे 'आदिल', म्हणजे पैगंबरांच्या नावाने खोटं सांगणारा त्यांत कुणी नाही. त्यांच्याकडून चूक होऊच शकत नाही असं मात्र आम्ही म्हणत नाही. ते मासूम, म्हणजे चुकीपलीकडचे, नव्हते.

हे आम्हाला इतकं महत्त्वाचं का, तर दीन (धर्म) आमच्यापर्यंत त्यांच्याच हातून आला. कुरआन एकत्र करण्याचं काम हजरत अबू बक्र यांच्या काळात झालं, त्याच्या एकसारख्या प्रती हजरत उस्मान यांनी करून पाठवल्या. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आणि आठवणींचा, केवढा मोठा भाग त्यांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आला. गावाकडच्यांना कळेल असं सांगतो. सातबाऱ्यावरचा पहिलाच फेरफार खोटा ठरला तर पुढच्या सगळ्या नोंदी लटकतात. साहाबा म्हणजे आमच्या सातबाऱ्याचा पहिला फेरफार.

मग त्यांच्यात लढाया झाल्या त्यांचं काय? ६५६ मध्ये बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. एका बाजूला हजरत अली, दुसऱ्या बाजूला हजरत आयेशा, तल्हा आणि झुबैर. पुढच्या वर्षी सिफ्फीनला हजरत अली आणि सीरियाचे सुभेदार हजरत मुआविया. या झगड्यांना 'मुशाजरात' म्हणतात. आमच्या उलेमांचं म्हणणं, बाजू हजरत अलींचीच बरोबर होती, पण समोरच्यांनी इजतिहाद केला, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय घेतला आणि चुकले. प्रामाणिक निर्णय बरोबर आला तर दोन सवाब (पुण्यं), चुकला तर एक, असं हदीसमध्ये आहे. म्हणून जीभ आवरायची. उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या नावे एक वचन सांगतात की त्या रक्तापासून अल्लाहने आपले हात वाचवले, तर आपण आपल्या जिभा वाचवाव्यात. माझे आजोबा मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजनंतर ओटीवर बसून हेच सांगायचे. कुणी सिफ्फीनचा विषय काढला की हातातल्या तस्बीहचा (जपमाळेचा) मणी थांबायचा आणि म्हणायचे, "मोठ्यांच्या भांडणात पोरांनी पडू नये."

पेठेतला

चौदाशे वर्षं झाली. आता निकाल लावून कुणाला काय मिळणार? पोरांना पाणी, रोजगार, शेती याबद्दल सांगा. स्पष्ट लिहिलं, पण मनापासून वाटतं ते लिहिलं.

अलमदार

पेठेतला भाऊ, ज्यांच्या आईचा हक्क गेला असं ज्यांना वाटतं, त्यांना 'जाऊ द्या' म्हणणं सोपं नसतं. आमच्यासाठी बीबी फातिमा, पैगंबरांची लेक आणि हजरत अलींची पत्नी, या घरातल्याच आहेत.

मी शिया, बारा इमामी. लहानपण मुंबईच्या डोंगरीत गेलं, मुगल मशिदीच्या निळ्या फरशांसमोर. खाडीकाठ भाईंनी इतकं अदबीने लिहिलंय की मीही तसंच लिहिण्याचा प्रयत्न करतो.

फेरफाराचा दाखला मला आवडला. पण पहिलाच फेरफार तपासायला नको का? आमचं म्हणणं एवढंच आहे. शेवटच्या हजहून परतताना, १८ जिलहिज्ज सन १० हिजरीला, मक्का-मदिनेच्या मध्ये गदीरे खुम्म इथे पैगंबरांनी काफिला थांबवला, हजरत अलींचा हात धरला आणि म्हणाले, ज्याचा मी मौला, त्याचा अलीही मौला. ही हदीस सुन्नी ग्रंथांतही आहे, तिर्मिझीत आहे, मुस्नद अहमदमध्ये आहे. वाद फक्त 'मौला' या शब्दाचा. आम्ही म्हणतो मालक, वली, पुढचा नेता. ते म्हणतात दोस्त, प्रिय.

त्यानंतर काही महिन्यांतच, ६३२ मध्ये, पैगंबर गेले. हजरत अली घरात मय्यतीच्या तयारीत होते आणि तिकडे मदिनेतल्या सकीफा बनी साइदा या मांडवात हजरत अबू बक्र खलिफा ठरले. मग फदकची बाग. बीबी फातिमांनी बापाचा वारसा मागितला. हजरत अबू बक्र यांनी हदीस सांगितली की आम्हा नबींचा (पैगंबरांचा) वारसा नसतो, मागे राहतं ते सदका (दान). त्या नाराज झाल्या, शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत, सहा महिन्यांनी गेल्या आणि रात्रीच दफन झालं. हे बुखारीत आहे, सुन्नींच्या सर्वांत विश्वासू ग्रंथात. तेव्हा मास्तर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: घटना बहुतेक त्याच आहेत. त्या वाचून माणसाने कुणाच्या शेजारी उभं राहायचं, यावर मतभेद आहे.

एक गैरसमज मात्र काढायचाय. 'शिया साहाबांना मानत नाहीत' हे खरं नाही. सलमान फारसी, अबू झर, मिकदाद, अम्मार, बिलाल, जाबिर बिन अब्दुल्लाह, हुज्र बिन अदी या सगळ्यांवर आमचा जीव आहे. चौथ्या इमामांच्या सहीफ्यात (प्रार्थनासंग्रहात) साहाबांसाठी वेगळी दुआ आहे. पण त्यात ज्यांनी सोबत नीट निभावली असे साहाबा म्हटलंय. नुसतं पाहणं पुरेसं नाही, शेवटपर्यंत निभावणं हवं.

निळाई

दोघांच्या पोस्टी शेजारी ठेवून वाचल्या. खाडीकाठ 'हजरत मुआविया' लिहितात, अलमदार यांच्या पोस्टीत ते नावच नाही. हे मुद्दाम आहे का?

अलमदार

हो ताई, मुद्दाम. शिवी द्यायची नाही आणि आदर द्यायला मन धजत नाही, अशा वेळी नाव गाळतो. आमच्या घरी नानी असंच करायची.

वकीलबाई

या वादाचा एक मुंबईचा खटला सांगते. १८६६ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती आर्नॉल्ड यांच्यापुढे खोजा जमातीचं प्रकरण आलं. जमातीतला एक गट म्हणत होता, आम्ही मुळात सुन्नी आहोत, आगा खानांचा आमच्यावर आणि जमातीच्या मालमत्तेवर हक्क नाही. दुसरा गट आगा खानांना इमाम मानणारा. म्हणजे ब्रिटिश न्यायाधीशाला ठरवायचं होतं की हे लोक सुन्नी की शिया. त्यासाठी पैगंबरांनंतरच्या वारसापासून सगळा इतिहास कोर्टात मांडला गेला. जमातीचं 'दसावतार' नावाचं गिनान (भक्तिगीत) ही वाचलं गेलं. त्यात विष्णूचा दहावा अवतार म्हणजे हजरत अली असं येतं. निकाल लागला की जमात शिया इमामी इस्माइली आहे आणि आगा खान तिचे इमाम.

पेठेतला, 'निकाल लावून काय मिळणार' विचारलंत ना? इथे जमातखाना, दफनभूमी, जमातीचा पैसा, सगळं त्या एका प्रश्नावर अडलं होतं.

पेठेतला

वकीलबाई, हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद घाईचा झाला. पण आपल्याकडेही आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला की नाही यावर दोन तट आहेतच की. आपण नाही त्यावरून पंथ काढले.

बखरवाचक

तुलना तोकडी पडते. आनंदीबाईंबद्दल काय वाटतं यावर कुणाची नमाज, कुणाची साक्ष, कुणाचा मोक्ष अवलंबून नाही. इथे पहिल्या पिढीबद्दलचं मत हाच श्रद्धेचा भाग झाला आणि तो फार लवकर झाला. खारिजी गट हजरत अलींच्याच फौजेतून फुटला. सिफ्फीनला लवाद मान्य केला म्हणून त्यांनी अलींना काफिर ठरवलं, मुआवियांनाही ठरवलं. त्यांच्यातल्याच इब्ने मुल्जमने ६६१ मध्ये कूफ्याच्या मशिदीत अलींवर वार केला.

याच्या अगदी उलट टोकाला इर्जा, म्हणजे निकाल अल्लाहवर सोडणं. उस्मान आणि अली यांच्याबद्दल निकाल देऊ नका, असं सांगणारं एक जुनं पत्र हसन बिन मुहम्मद यांच्या नावावर आहे. हे हजरत अलींचे सख्खे नातू, इब्नुल हनफिया यांचे चिरंजीव. भांडण ज्या घरातलं त्याच घरातून 'थांबा' म्हणणारा निघाला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मुअतझिली या बुद्धिवादी पंथातले वासिल बिन अता यांचं मत मास्तरांच्या वर्गात चालेल. ते म्हणायचे, जमलच्या लढाईत दोनपैकी एक बाजू नक्की पापी आहे, पण कोणती ते आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून अली आणि तल्हा या दोघांनी मिळून भाजीच्या एका जुडीबद्दल साक्ष दिली तरी मी ती धरणार नाही.

खाडीकाठ

बखरवाचक, भाजीच्या जुडीचं वाक्य आम्हा सुन्नींना फार लागतं हे नोंदवतो. पैगंबरांनी ज्या दहा जणांना जन्नतची खुशखबर दिली त्यांत अलीही आहेत, तल्हाही आणि झुबैरही. एकमेकांसमोर तलवार घेऊन उभे राहिलेले तिघे एकाच यादीत. आमच्या दृष्टीने निकाल तिथेच लागला.

धगधगता

हे सगळं गोड गोड चाललंय. एका बाजूने उघड शिव्या देतात त्याचं काय? [मजकूर काढला]

संपादक मंडळ

वरील प्रतिसादातला एका पूजनीय व्यक्तीबद्दलचा मजकूर काढला आहे. मतभेद लिहा, अपशब्द नकोत. दोन्ही बाजूंना हाच नियम.

अलमदार

धगधगता यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मी देतो. तो प्रश्न खरा आहे.

आमच्याकडे तवल्ला आणि तबर्रा अशा दोन गोष्टी आहेत. तवल्ला म्हणजे अहले बैतवर, पैगंबरांच्या घराण्यावर, प्रेम. तबर्रा म्हणजे त्यांच्यावर जुलूम करणाऱ्यांपासून स्वतःला वेगळं ठेवणं. शिवीगाळ म्हणजे तबर्रा नाही. सिफ्फीनला हजरत अलींच्या फौजेतले काही जण समोरच्यांना शिव्या द्यायला लागले. मौला अली म्हणाले, तुम्ही शिवराळ व्हावं हे मला आवडत नाही. त्यांनी काय केलं ते सांगा आणि दुआ करा की अल्लाह त्यांचं आणि आपलं रक्त वाचवो. हे नहजुल बलागा या अलींच्या प्रवचनांच्या संग्रहात आहे. ऐन लढाईतल्या माणसाचं हे बोलणं आहे.

तरीही काही जण माइक हातात आला की जे बोलतात ते ऐकून मला मजलिसमधून (मोहरमच्या शोकसभेतून) उठून जावंसं वाटतं. एकदा उठलोही. आयतुल्लाह खामेनेईंनी २०१० मध्ये फतवा दिला की सुन्नी भावांच्या आदरस्थानांची, विशेषतः पैगंबरांच्या पत्नीची, बेअदबी हराम आहे. आयतुल्लाह सीस्तानी तर म्हणतात, सुन्नींना 'आपले भाऊ' म्हणू नका, 'आपण स्वतः' म्हणा. ज्यांना हे ऐकायचं नाही ते ऐकत नाहीत, आणि त्याची किंमत डोंगरीतल्या आमच्या पोरांना शाळेच्या व्हॅनमध्ये मोजावी लागते.

लखनौची सून

माहेर साताऱ्याचं, सासर लखनौचं. आम्ही हिंदू आहोत, पण जुन्या शहरात राहतो. तिथे हा विषय रस्त्यावर आला होता. सुन्नी जुलूस काढून साहाबांची स्तुती म्हणायचे, तिला 'मद्हे साहाबा' म्हणतात. शियांना ते त्यांना डिवचण्यासाठी वाटायचं, मग ते तबर्रा म्हणायचे. ब्रिटिशांनी १९०८ मध्ये पिगॉट समिती नेमली, १९३७ मध्ये ऑल्सॉप समिती. १९३९ मध्ये गोविंद वल्लभ पंतांच्या सरकारने मद्हे साहाबाला परवानगी दिली तेव्हा हजारो शिया तबर्रा म्हणत स्वतःहून अटक करवून घेत होते. पुढे १९७७ पासून मोहरमचे जुलूसच बंद. ते १९९८ मध्ये परत सुरू झाले.

सासूबाई सांगतात, त्या वीस वर्षांत शेजारच्या घरातला अलम (मोहरमचं निशाण) फक्त अंगणात फिरायचा. दारापर्यंत यायचा आणि वळायचा.

एकाची स्तुती दुसऱ्याला शिवी कशी वाटू शकते, हे मला लग्नानंतर कळलं.

बहारीनवासी

मनामात अकरा वर्षं आहे. इथे आशूराची (१० मोहरमची) सुट्टी दोन दिवस असते आणि जुन्या मनामातले जुलूस पाहण्यासारखे असतात. माझ्यासोबत एक इराकी काम करतो, नाव उमर. २००६-०७ मध्ये बगदादमध्ये नाक्यांवर ओळखपत्र पाहून, नाव उमर दिसलं म्हणून माणसं मारली जात होती. त्याच्या वडिलांनी त्याला दुसऱ्या नावाचं कार्ड करून दिलं होतं. ते कार्ड अजून त्याच्या पाकिटात आहे, मला दाखवलं. फोटो त्याचाच, नाव दुसरंच. शिया नावाच्या माणसांचंही दुसऱ्या मोहल्ल्यांत तेच होत होतं, हे तोच सांगतो.

आणि हा विषय जुना झालेला नाही. २०२५ च्या रमझानमध्ये मुआवियांवरची एक मोठी टीव्ही मालिका आली तर इराकच्या माध्यम नियामकाने ती तिथे दाखवायला बंदी केली.

निळाई

ते कार्ड डोळ्यांसमोरून जात नाहीये.

खाडीकाठ

नावांवरून आठवलं. हजरत अलींच्या मुलांमध्ये अबू बक्र, उमर, उस्मान अशी नावं आहेत. उस्मान बिन अली तर करबलात भाऊ हुसैनसोबत शहीद झाले. आमचे लोक म्हणतात, वैर असतं तर मुलांना ही नावं ठेवली असती का?

अलमदार

खाडीकाठ भाई, ही नावं तेव्हा अरबस्तानात सर्रास होती, एका माणसावरून ठेवली असं धरता येत नाही. उस्मान हे नाव मौलांनी आपले जुने साथी उस्मान बिन मझऊन यांच्यावरून ठेवलं असं आमच्याकडे सांगतात. या मुद्द्यावर आपलं जमणार नाही.

पण एक नातं असं आहे ज्यावर आपलं जमेल. हजरत अबू बक्र यांचा मुलगा मुहम्मद. बाप गेला तेव्हा तो दोन-अडीच वर्षांचा होता. आई अस्मा बिन्ते उमैस यांनी नंतर हजरत अलींशी निकाह केला, त्यामुळे तो अलींच्या घरात वाढला. जमलच्या दिवशी तो अलींच्या फौजेत होता आणि समोर उंटावरच्या अंबारीत त्याची सावत्र बहीण, आयेशा. उंट पडला तेव्हा अलींनी त्यालाच पाठवलं. त्याने अंबारीत हात घालून बहिणीला लागलंय का ते विचारलं. मग त्यांना सन्मानाने मदिनेला पोचवलं गेलं. आणि याच मुहम्मदची नात, उम्मे फरवा, ही आमच्या सहाव्या इमामांची, जाफर सादिक यांची आई.

खाडीकाठ

यावर नक्की जमतं. इमाम जाफर सादिक आमच्याही मोठ्यांपैकी. आणि मी शाफई आहे हे विसरू नका. इमाम शाफईंच्या नावाने शेर सांगतात की आले मुहम्मदवर (पैगंबरांच्या घराण्यावर) प्रेम करणं म्हणजे राफिझी (शियांना हिणवून वापरायचा शब्द) असणं असेल, तर जिन्न आणि इन्सान दोघांनी साक्ष द्यावी की मी राफिझी आहे. आजोबांना पाठ होता.

नगरी मास्तर

मंडळी, मी रोज रात्री वाचतोय आणि वहीत उतरवतोय. एक विचारतो. मुआवियांचा मुलगा यझीद, ज्याच्या फौजेने करबलात हुसैन यांना मारलं, त्याच्याबद्दल तरी एकमत आहे का? आमच्या नगरला मोहरमात सगळ्या जातींची माणसं सवारीला येतात, सगळ्यांना हुसेनच आपले वाटतात.

खाडीकाठ

हुसैन यांच्याबद्दल दोन मतं नाहीत. १० मोहरम ६१ हिजरी, म्हणजे ऑक्टोबर ६८०, या दिवसाचं दुःख आम्हालाही आहे. यझीदवर लानत (शाप) पाठवावी का, यावर सुन्नींच्या आतच वाद आहे. इमाम गझाली म्हणाले नको, मेलेल्याचा निकाल अल्लाहवर सोडा. इब्नुल जौझींनी लानत जायझ (धर्मसंमत) आहे हे सांगायला अख्खं पुस्तक लिहिलं. यझीद साहाबी नव्हता, त्यामुळे तिथे जीभ आवरण्याचा नियम तसा लागू होत नाही. अडचण मागे जाते तेव्हा सुरू होते: यझीदला गादीवर कुणी बसवलं? तिथे आम्ही थांबतो आणि अलमदार भाई पुढे जातात.

अलमदार

बरोबर ओळखलंत. आम्ही पुढे जातो, करबलापासून उलट चालत सकीफ्यापर्यंत.

पण करबलातली एक गोष्ट मास्तरांना देतो. हुर्र हा यझीदच्या बाजूचा सरदार. इमाम हुसैन यांचा रस्ता त्यानेच अडवला होता. आशूराच्या सकाळी तो थरथरत होता, सोबत्याने विचारलं तुला काय झालं, तर म्हणाला, मी जन्नत आणि जहन्नमच्या मध्ये उभा आहे. घोड्याला टाच मारून इकडे आला आणि माफी मागितली. इमामांनी माफ केलं. तो शहीद झाल्यावर त्याच्या कपाळाच्या जखमेला इमामांनी रुमाल बांधला असं मजलिसमध्ये सांगतात. नानी त्या जागी दरवर्षी रडायची. आम्ही माणसाला त्याने शेवटी काय केलं यावरून तोलतो, ते असं.

पेठेतला

अवांतर: सांगलीकडे आजोळ आहे. मोहरमात मामी शेजाऱ्यांकडून आलेले चोंगे डब्यात भरून आम्हाला पाठवायची. गुळाचे, खसखस लावलेले. कडेगावचे ताबूत पाहायला ट्रॅक्टरमधून जायचो, मान मागे टाकून पाहावे लागत. करबलीच्या गाण्यांत 'हुसेन' आलं की आजी हात जोडायची. ती कुणाच्या बाजूची, हा प्रश्न मला या धाग्याआधी पडलाच नव्हता. अजून कुणाकडे चोंगे मिळत असतील तर पत्ता द्या, पुण्यात कुठे सापडत नाहीत.

निळाई

चोंग्यांसाठी वेगळा धागा काढा, मी पाककृती देते :)

वकीलबाई

शिया म्हणजे एकच मत असं मुलांना सांगू नका, मास्तर. येमेनचे झैदीही शियाच. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की अली श्रेष्ठ होतेच, पण श्रेष्ठ माणूस असताना दुसरा नेता झाला तरी त्याची सत्ता चालू शकते. त्यामुळे पहिल्या दोन खलिफांना ते दूषण देत नाहीत. तिकडे कैरोच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठाचे शेख शल्तूत यांनी १९५९ मध्ये फतवा दिला की जाफरी, म्हणजे बारा इमामी शियांच्या, पद्धतीने इबादत (उपासना) करणंही धर्मसंमत आहे. निकाल वेगळे ठेवून एकमेकांचं मुसलमानपण मान्य करता येतं.

खाडीकाठ

माझी एक प्रामाणिक अडचण लिहितो. अलमदार भाईंनी बुखारीचा हवाला दिला तो खरा आहे. बैहकी या हदीस-संग्राहकांकडे अशीही रिवायत (परंपरेने आलेली हकीकत) आहे की बीबी फातिमांच्या आजारपणात हजरत अबू बक्र त्यांच्या दारी गेले, परवानगी मागितली आणि त्या राजी झाल्या. मी दोन्ही वाचल्यात. माझं मन दुसरीकडे धावतं. ती जास्त बळकट आहे म्हणून धावतं, की मला तसं झालेलं हवंय म्हणून, हे मी रात्री स्वतःला विचारतो.

अलमदार

भाई, हे लिहायला हिंमत लागते. मीही माझ्या बाजूने हेच विचारून पाहीन.

नगरी मास्तर

आज वर्ग झाला. सांगतो काय झालं ते.

फळ्यावर दोन यादी लिहिल्या. डावीकडे बुऱ्हाणच्या नवसाआधीच्या खुतब्यातली चार नावं, उजवीकडे नंतरची बारा. सातबाऱ्याचा दाखला दिला. शेतकऱ्यांची मुलं आहेत, लगेच कळला. मग म्हणालो, काही लोक म्हणतात पहिल्या फेरफारावर शंका घेतली तर जमीनच जाईल. दुसरे म्हणतात, पहिला फेरफारच तपासला पाहिजे, कारण घरातल्या लेकीचं नाव त्यात आलं नाही. दोघांनाही जमीन तीच हवीय. यावर एक मुलगा म्हणाला, "आमच्या आत्याचं पण नाव नाही लावलं." वर्ग शांत झाला. मी ते तिथेच राहू दिलं.

मग अंबारीतल्या बहिणीची आणि भावाची गोष्ट सांगितली. ती सगळ्यात जास्त ऐकली गेली.

शेवटी मागच्या बाकावरची ती मुलगी पुढे आली, फळ्याकडे बघत म्हणाली, "सर, अलींचं नाव तर दोन्हीकडे आहे." मी खडूने दोन्ही ठिकाणी गोल केला. तास संपला.

निळाई

किती हुशार आहे ती!

अलमदार

मास्तर, त्या पोरीला माझा सलाम सांगा. पण एक सांगायचं राहू देऊ नका. डाव्या यादीत ते चौथे आहेत आणि उजव्या यादीत पहिले. वाद तिथेच आहे.

खाडीकाठ

बरोबर. हे सांगितलंच पाहिजे.

नगरी मास्तर

सातवी 'ब' चा तास गुरुवारी आहे. नावांपुढे आकडे घालतो.